भांगेचा गंध आणि वाणाची पारख



पाच माणसांच्या आमटीला हिंग लागतो तो चिमूटभर. आणि त्या चिमटीतही खरा वास देणारा अंश फारच थोडा असतो. बाकीचा भाग डिंकाचा आणि पिठाचा. तरीही फोडणीत हिंग पडला की नाही, हे ओसरीवर बसलेल्या माणसाला आत न डोकावता कळते. वजनाचा न्याय आणि नाकाचा न्याय हे दोन निराळे न्याय आहेत, याचा याहून सोपा दाखला देता येणार नाही. वनस्पतींच्या वाणांची पारख करताना या दोन न्यायांत नेहमीच झगडा होतो, आणि बहुधा वजनाचा न्याय जिंकतो. आज मी ज्या वनस्पतीविषयी बोलणार आहे तिच्या बाबतीत हा झगडा गेल्या सव्वाशे वर्षांत फार ठळकपणे दिसून आला आहे. ती वनस्पती म्हणजे भांग.

भांगेचे नाव काढताच कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडतील; त्या अकारण आहेत असे मी म्हणणार नाही. या झाडाच्या मादीचे फुलोरे म्हणजे गांजा, त्याची राळ म्हणजे चरस आणि पाने म्हणजे भांग. यांपैकी गांजा व चरस हे १९८५ च्या अधिनियमाने आपल्या देशात निषिद्ध ठरविले आहेत. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे कोणत्या गावात नाहीत? तेव्हा या भाषणात त्या पदार्थांची भलावण नाही. परंतु जे झाड आपल्या वैद्यकग्रंथांत विजया या नावाने आले, ज्याच्या देठाचा वाख हिमालयाच्या कुशीतल्या खेड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वळला, त्याचे शास्त्र जाणून घेणे ही गोष्ट वेगळी. आणि ते शास्त्र आपल्याला जे शिकविते ते आंब्याला आणि भातालाही लागू पडणारे आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८९६ साली केंब्रिज येथील वुड, स्पिव्ही आणि ईस्टरफील्ड या रसायनशास्त्रज्ञांनी हिंदुस्थानातून गेलेल्या चरसाचे ऊर्ध्वपातन केले. त्यांच्या हाती प्रथम आली ती हलकी, उडून जाणारी सुगंधी तेले; मागाहून आले ते जड, लालसर तेल. अमल त्या जड तेलात आहे हे ठरताच पुढील संशोधनाचा सारा ओघ तिकडे वळला. १९४० साली अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी कॅनाबिडायॉल हे द्रव्य वेगळे केले; १९६४ साली इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशुलाम यांनी अमल आणणारे मुख्य द्रव्य शुद्ध रूपात मिळवून त्याची रचना सांगितली. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल असे त्याचे लांबलचक नाव. आपण त्याला नुसते अमलद्रव्य म्हणू. या सगळ्या वाटचालीत हलकी सुगंधी तेले बहुतांशी बाजूला पडली. गंमत अशी की, अमलद्रव्याला स्वतःचा म्हणावा असा वासच नाही. ज्या उग्र दर्पावरून माणूस अंधारातही हे झाड ओळखतो, तो दर्प अमलाचा नव्हे, या बाजूला पडलेल्या तेलांचा आहे.

पोलिसांच्या कुत्र्यांची गोष्ट यासंबंधी बोलकी आहे. कुत्रा चरस हुंगून काढतो, तेव्हा तो नेमके काय हुंगतो? १९७३ साली जर्मनीत या प्रश्नाचा शोध घेण्यात आला. कुत्र्याचे नाक ज्याचा माग काढते ते अमलद्रव्य नसून कॅरिओफिलीन ऑक्साइड नावाचे एक सुगंधी द्रव्य आहे, असे दिसून आले. कायद्याला हवे असते एक आणि त्याचा पत्ता लावून देते दुसरेच!

ही सुगंधी तेले मुख्यत्वे टर्पीन वर्गातील आहेत. नाव परके असले तरी पदार्थ आपल्या घरातलेच. संत्र्याच्या सालीत असते ते लिमोनीन. गवती चहात आणि कित्येक जातींच्या आंब्यांत आढळते ते मर्सीन. मिऱ्यांत आणि लवंगेत असते ते कॅरिओफिलीन. धन्यांत असते ते लिनालूल. चिडाच्या राळेत असते ते पायनीन. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर डोळ्यांना दवासारखी दिसणारी बारीक लव असते. त्या प्रत्येक केसाच्या टोकाला एक इवलीशी गोल ग्रंथी असते, आणि तीच या द्रव्यांची भट्टी. या एकाच भट्टीत अमलद्रव्य आणि टर्पिने दोन्ही शिजतात. इतकेच नव्हे, तर काही टर्पिने आणि अमलद्रव्य यांचा कच्चा मालही एकच असतो. वाळलेल्या फुलोऱ्यात सर्व टर्पिने मिळून साधारणतः शेकडा एक ते तीन भरतात.

आतापर्यंतचा हिशेब सरळ आहे. अडचण पुढे आहे. वायुवर्णलेखनाची यंत्रे प्रयोगशाळांत आली आणि कोणत्या झाडात कोणते टर्पीन किती, याचे तक्ते तयार होऊ लागले. तेव्हा असे आढळले की, दोन झाडांचे तक्ते जवळजवळ सारखे असूनही त्यांचे वास अगदी निराळे असू शकतात. एकाला पिकलेल्या पेरूचा गोडसर घमघमाट, तर दुसऱ्याला लसूण कुजल्यासारखा दर्प. टर्पिनांचा तक्ता या भेदाचा उलगडा करू शकत नव्हता. यंत्र म्हणे दोघे सख्खे भाऊ; नाक म्हणे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही!

हा वाद नाकाच्या बाजूने सुटला. २०२१ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, कित्येक वाणांना येणारी ती कुप्रसिद्ध दुर्गंधी गंधकयुक्त द्रव्यांच्या एका छोट्या कुटुंबामुळे येते. त्यातील मुख्य द्रव्याची रचना लसणातील गंधकयुक्त द्रव्यांशी मिळतीजुळती आहे. बिअरची बाटली उन्हात राहिली की तिला जो वाईट वास येतो तोही याच द्रव्याचा. बिअरमध्ये घालतात ते हॉप हे फूल आणि भांग या दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०२३ साली याच संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले. पेरूत आणि पॅशन फळात जी गंधकयुक्त द्रव्ये फळाचा वास देतात, तीच काही वाणांच्या फलगंधामागे आहेत. आणि काही वाणांच्या तिखट, रासायनिक वासामागे स्कॅटोल नावाचे द्रव्य आहे, असे त्यांनी सिद्ध केले. हे स्कॅटोल विष्ठेतही असते. त्याचे जवळचे भावंड इंडोल मात्र जाईजुईच्या फुलांत आहे आणि त्यांच्या सुगंधाला खोली देते. म्हणजे एकाच घराण्यातील द्रव्ये भरपूर असली की नाक दाबावे लागते, आणि अणुमात्र असली की त्यांची वेणी डोक्यात माळावी लागते.

ही सर्व द्रव्ये टर्पिनांच्या मानाने इतकी अल्प आहेत की, साध्या तपासणीत ती दिसतसुद्धा नाहीत. मग त्यांचा एवढा प्रभाव का? नाकाला प्रत्येक द्रव्य ओळखण्यासाठी लागणारे किमान प्रमाण निराळे असते, हे त्याचे उत्तर. भाताचे उदाहरण घेऊ. आंबेमोहोर किंवा बासमती शिजत असताना जो सुवास दरवळतो, त्याचे मुख्य द्रव्य १९८० च्या दशकाच्या आरंभी ओळखले गेले. ते दहा अब्ज भाग पाण्यात एक भाग असले, तरी माणसाच्या नाकाला कळते. गंधकयुक्त द्रव्येही अशीच, लेशमात्र असूनही घर भरून टाकणारी. म्हणून ज्याला वाणाची ओळख म्हणावयाचे, ती मोठ्या आकड्यांत नसून तक्त्याच्या तळाशी, पुष्कळदा तक्त्याच्या बाहेर असते.

आता वाणनिर्मितीकडे वळू. या झाडाची निवड माणसाने केव्हापासून केली, हे सांगणारे एक दप्तर आपल्याच देशात तयार झाले. १८९३-९४ साली सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने हिंदुस्थानभर फिरून ११९३ साक्षी नोंदविल्या. त्या अहवालात मध्यप्रांतातील खांडव्याच्या लागवडीचे वर्णन आहे, मुंबई इलाख्यातील नगर आणि सातारा या जिल्ह्यांचे आहे, आणि आज बांगलादेशात असलेल्या नौगावचेही आहे. नौगावच्या शेतांत ‘परखदार’ नावाचा जाणकार बोलावीत. फुले उमलण्यापूर्वी तो ओळीओळीने फिरे आणि नर झाडे हेरून काढून टाकी. कारण मादी फुलांना पराग मिळाला की झाडाची शक्ती बियांकडे जाते आणि राळ घटते. परखदाराचे हे ज्ञान पोकळ नव्हते. १९९८ साली स्वित्झर्लंडमधील प्रयोगात परागण झालेल्या पिकाचे सुगंधी तेल परागण न झालेल्या पिकाच्या निम्म्याहूनही कमी भरले. ‘परखदार’ या शब्दातील पारख पुढे रसायनशास्त्राने खरी ठरविली, असे म्हणता येईल.

परंतु नर झाड काढून टाकणे हा पीक घेण्याचा मार्ग झाला. नवा वाण तयार करावयाचा तर नर हवाच. आणि येथेच गंधाच्या पैदाशीतील खरी मेख आहे. या वनस्पतीत नर व मादी झाडे बहुधा वेगवेगळी. वास असतो तो मादीच्या फुलोऱ्यात. मग बाप निवडावा कशावरून? गवळी वळूची पारख कशी करतो ते आठवा. वळू दूध देत नाही. त्याच्या लेकी किती दूध देतात यावरून त्याची किंमत ठरते. तसेच येथे. नराच्या पोटी कोणता गंध दडला आहे हे त्याच्या मुली फुलावर आल्यानंतर, म्हणजे एक पिढी उलटल्यावर कळते. या अडचणीतून वाट काढणाऱ्या प्रयोगांत दिल्ली विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. १९८२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने चांदीच्या क्षारांचा उपयोग करून मादी झाडावरच पराग धरणारी नर फुले आणून दाखविली. त्यामुळे जिचा गंध स्वतः हुंगून पाहिला आहे अशा झाडालाच बापाच्या जागी उभे करता येऊ लागले. आज जगभर या पिकाचे मादी बियाणे याच तत्त्वावर तयार होते.

दुसरी मेख अनुवंशाची. अमलद्रव्य आणि कॅनाबिडायॉल यांचा वारसा पुष्कळ सरळ आहे. दोन शुद्ध जातींचा संकर केला तर पहिल्या पिढीत दोन्ही द्रव्ये येतात आणि दुसऱ्या पिढीत मेंडेलच्या नियमाप्रमाणे एकास दोनास एक अशी वाटणी होते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. सुगंधी भाताचेही असेच. २००५ साली असे दाखविण्यात आले की, भाताचा सुवास एकाच जनुकातील बिघाडामुळे उत्पन्न होतो. म्हणजे आंबेमोहोराचा तो दरवळ ही निसर्गाने केलेल्या एका मोडतोडीची देणगी! भांगेच्या गंधाचे तसे नाही. टर्पिने घडविणारी जनुके या झाडात तिसाहून अधिक आहेत. त्यांतील एकेक जनुक एकाऐवजी अनेक टर्पिने घडवू शकते. आणि गंधकाची व स्कॅटोलची घडण तर या घराबाहेरची. त्यामुळे आवडत्या झाडाच्या बियांतून तोच गंध पुन्हा उगवेल अशी खात्री देता येत नाही. जे झाड मनास आले त्याची छाटकलमे करून तेच झाड पिढ्यान्‌पिढ्या टिकविणे, हाच खात्रीचा उपाय. आपल्या हापूसच्या कलमांमागेही हेच शहाणपण आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. ही द्रव्ये उडून जाणारी आहेत. १९९६ साली मिसिसिपी विद्यापीठातील अभ्यासात ताज्या फुलोऱ्यातील तेलाचा सुमारे तिसरा भाग आठवड्याच्या वाळवणीत आणि निम्म्याहून अधिक तीन महिन्यांत नाहीसा झाला. गंधकयुक्त द्रव्यांचे आयुष्य तर याहून थोडे. ती फुलोरा पिकण्याच्या अखेरच्या आठवड्यांत वाढतात, मुरवणीच्या काळात शिगेला पोचतात आणि साठवणीच्या दहाएक दिवसांतच झपाट्याने ओसरतात. ज्याने महिन्यानंतर नमुना हुंगला, त्याने वाणाची परीक्षा केली नाही, केवळ त्याच्या अवशेषाची केली.

गंधाचा नावांशी काय संबंध, तेही पाहण्यासारखे आहे. १७५३ साली लिनीयसने या वनस्पतीला कॅनाबिस सतायवा असे नाव दिले. १७८५ साली लामार्कने हिंदुस्थानातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही दुसरी जात मानली. पुढे व्यापारात ही दोन नावे अशी सैल झाली की, कोणत्याही झाडाला कोणतीही चिठ्ठी लागू लागली. २०२१ साली कॅनडा व नेदरलँड्स येथील संशोधकांनी सुमारे तीनशे नमुने तपासले. या दोन चिठ्ठ्यांचा झाडांच्या एकंदर वंशाशी फारसा मेळ बसेना. मेळ बसला तो मोजक्या टर्पिनांशी. ‘इंडिका’ म्हणविल्या जाणाऱ्या नमुन्यांत मर्सीन अधिक, तर ‘सतायवा’ म्हणविल्या जाणाऱ्यांत फार्नेसीनसारखी द्रव्ये अधिक. अर्थात लोकांनी नावे ठेवली ती वंशावळ पाहून नव्हे, नाकाने.

येथे एका भ्रमापासून सावध राहावयास हवे. सुगंधी द्रव्ये अमलद्रव्याच्या परिणामाला वळण देतात, असे म्हणून त्यावर मोठा व्यापार उभा राहिला आहे. या कल्पनेला आधार देणारे काही थोडे प्रयोग आहेत. २०२४ साली अमेरिकेत वीस माणसांवर झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात, अमलद्रव्यामुळे होणारी अस्वस्थता लिमोनीनच्या मोठ्या मात्रेने कमी झाल्याचे आढळले. परंतु वीस माणसांचा प्रयोग हा आरंभ आहे, निर्णय नव्हे. आणि तेथे दिलेली मात्राही फुलोऱ्यात सहसा असते त्याहून मोठी होती. सुवास छान म्हणून पदार्थ निरुपद्रवी, असा तर्क कोणी करू नये. कण्हेरीचे फूलही सुंदरच असते.

मग या सर्व विद्येचे आपल्याला महत्त्व काय? आपल्या देशात हे झाड आयात केलेले नाही. हिमालयाच्या पायथ्यापासून ते रानोमाळ उगवते, आणि निरनिराळ्या खोऱ्यांत शेकडो वर्षांत त्याच्या निरनिराळ्या जाती स्थिर झाल्या. औद्योगिक वाखासाठी कमी अमलाच्या जातींना वाव देण्यास उत्तराखंड राज्याने २०१८ साली सुरुवात केली. त्या लागवडीत अमलद्रव्य शेकडा ०.३ च्या आत असावे अशी अट आहे. अट योग्यच आहे. कायद्याला आकडा लागतो. परंतु पैदास करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जेव्हा एकच आकडा राहतो, तेव्हा बाकीचे सर्व गुण नकळत गळतात. पश्चिमेत हेच उलट दिशेने घडले. तेथे गेल्या पन्नास वर्षांत अमलाचा आकडा चढविण्याची शर्यत लागली आणि त्या शर्यतीत थोड्याच घराण्यांचे पुनःपुन्हा संकर होत गेले. एकीकडे आकडा उतरविण्याचा ध्यास, दुसरीकडे चढविण्याचा. हानी दोन्हीकडे सारखीच.

त्यातून हे झाड वाऱ्याने पराग उधळणारे. एका खोऱ्यात कोणी बाहेरचे संकरित बी आणून पेरले, तर त्याचा पराग ओढ्यापलीकडच्या जुन्या झाडांवरही पडतो. दोनचार पिढ्यांत जुनी जात नावाने उरते, गुणाने उरत नाही. आणि गुण गेला हे कळण्यासाठी तो मुळात काय होता, याची नोंद तर हवी! खांडव्याच्या शेतातल्या गांजाला कोणता वास होता, नगरच्या गांजाहून तो निराळा होता काय, हे आज कोण सांगणार? आयोगाने साक्षी नोंदविल्या त्या कराच्या, दुष्परिणामांच्या आणि लागवडीच्या. गंध टिपून ठेवण्याचे साधनच त्या काळी नव्हते.

आज ते साधन आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी हापूसच्या गंधाचा असा अभ्यास केला आहे. हापूसमध्येही वजनाने टर्पिनेच सर्वांत अधिक भरतात. पण फळ पिकताना जी लॅक्टोने आणि फ्युरॅनोने अल्पांशाने प्रकट होतात, ती पिकल्या हापूसची खूण ठरतात. १९८७ साली वडगाव मावळ येथून प्रसारित झालेली इंद्रायणी ही भाताची जात, आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेली. एका बाजूने उत्पन्न आणि दुसऱ्या बाजूने सुवास, असे दोन्ही हिशेब डोळ्यांपुढे ठेवले म्हणून ती शेतकऱ्याच्या आणि खाणाऱ्याच्या पसंतीस उतरली. नुसता उत्पन्नाचा आकडा पाहिला असता, तर आंबेमोहोराचा वारसा त्या संकरातही कोणी धरून ठेवला नसता.

तात्पर्य असे की, बीजकोशात बी जपताना झाडाची उंची, फुलण्याचा दिवस आणि उत्पन्न यांच्या शेजारी गंधाचाही एक रकाना असला पाहिजे. तो रकाना यंत्राने भरावा, आणि यंत्राबरोबर माणसाच्या नाकानेही भरावा. कारण यंत्र जेथे दोन झाडे सारखी म्हणत होते, तेथे भेद आहे हे प्रथम नाकानेच सांगितले. हा रकाना निषिद्ध वनस्पतीसाठी हवा तसाच आंबेमोहोरासाठी, कोकमासाठी आणि गावोगावच्या रायवळ आंब्यासाठीही हवा. शेकड्याच्या हिशेबात जे शून्यवत् दिसते तेच पुष्कळदा वाणाचे सर्वस्व असते. ते एकदा हरवले म्हणजे पुढच्या पिढीच्या हाती बी राहते, नाव राहते, उत्पन्नाचा आकडाही राहतो. मात्र ज्यासाठी पूर्वजांनी ते बी जपून ठेवले, ते कारण राहत नाही.